विमानातल्या चहाचा रंग तपासणारा अध्यक्ष : जेआरडी टाटा

विमानतळावरच्या लाउंजचं आता कुणाला फारसं अप्रूप राहिलेलं नाही. कार्ड मशीनला लावायचं, दोन रुपये कापल्याचा मेसेज आला की आत जायचं. आत इडली-सांबारापासून गुलाबजामपर्यंत सगळं मांडलेलं असतं. कुठल्या विमानतळावर डोसा गरम मिळतो, कुठे बसायला खुर्चीच मिळत नाही, कुठली कॉफी पिण्यालायक नाही, यावर सोशल मीडियावर रोज वाद झडतात. कुणी थंड समोशाचा फोटो टाकतं, कुणी मागे न झुकणाऱ्या सीटचा व्हिडिओ.

अशा तक्रारी बघून काही जण नाकं मुरडतात. सुरक्षित पोचलात ना, मग समोशाचं काय एवढं, असं त्यांचं म्हणणं असतं.

पण भारतात ज्या माणसाने विमान कंपनी सुरू केली, त्याच्या लेखी समोसा थंड असणं ही अजिबात छोटी गोष्ट नव्हती. प्रवासी गप्प बसला असता, पण हा माणूस गप्प बसला नसता. त्याने आधी समोसा चाखला असता, मग तो कुठल्या किचनमधून आला ते शोधलं असतं आणि ऑफिसात पोचल्यावर त्यावर नोट लिहिली असती.

तो माणूस म्हणजे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, अर्थात जेआरडी.

जेआरडींची गोष्ट पायलट म्हणून सांगितली जाते, उद्योगपती म्हणून सांगितली जाते. पण प्रवाशाच्या ताटाकडे आणि खुर्चीकडे बघणारा माणूस म्हणून ती फार कमी वेळा सांगितली जाते. खरं तर एअर इंडियाचं जगात जे नाव झालं, त्याचं उत्तर तिथेच सापडतं.

ताज आधी, जेआरडी नंतर

16 डिसेंबर 1903 ला मुंबईत ताजमहाल हॉटेल सुरू झालं. ते उभारणारे जमशेदजी टाटा पुढच्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीत वारले. त्यानंतर जेमतेम दोन-अडीच महिन्यांनी, 29 जुलै 1904 ला, पॅरिसमध्ये जेआरडींचा जन्म झाला. वडील रतनजी दादाभॉय हे जमशेदजींचे नात्यातले आणि धंद्यातले भागीदार. आई सुझान ब्रिएर फ्रेंच. लग्नानंतर तिचं नाव सूनी झालं.

पाच भावंडांत जेआरडी दुसरे. बालपण फ्रान्स, भारत, जपान असं फिरण्यात गेलं. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्डेलो नावाच्या गावी राहायचं. त्याच गावात लुई ब्लेरिओ यांचं घर होतं. हे तेच ब्लेरिओ, ज्यांनी 1909 मध्ये विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडली होती. तिथल्या वाळूवर उतरणारी विमानं बघून पोराच्या डोक्यात उडण्याचं वेड शिरलं. पंधराव्या वर्षी त्याने पैसे देऊन विमानात एक फेरी मारली आणि त्याच दिवशी पायलट व्हायचं ठरवून टाकलं.

पुढे फ्रेंच सैन्यात वर्षभर नोकरी झाली. 1925 च्या अखेरीस जेआरडी मुंबईत आले आणि टाटांच्या ऑफिसात बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. 1926 मध्ये वडील गेले. 10 फेब्रुवारी 1929 ला त्यांना पायलटचं लायसन्स मिळालं. भारतात दिलं गेलेलं ते पहिलं लायसन्स, त्यावरचा नंबरही 1.

लाउंज कसलं, झावळ्यांची शेड होती

नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा एक वैमानिक हवाई टपालसेवेची योजना घेऊन आला. तेव्हा लंडनहून येणारं टपाल इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत यायचं. तिथून पुढे मुंबई आणि मद्रासला ते विमानाने न्यायचं, अशी ती योजना. टाटा समूहाचे प्रमुख दोराबजी टाटा फारसे उत्सुक नव्हते. जेआरडींचे मार्गदर्शक जॉन पीटरसन यांनी त्यांचं मन वळवलं. दोन लाख रुपये गुंतवून दोन पस मॉथ विमानांवर कंपनी उभी राहिली.

15 ऑक्टोबर 1932. जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले. वाटेत अहमदाबादला उतरले, तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी विमान जुहूला पोचलं. तिथून व्हिन्सेंट यांनी पुढचं टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं.

जुहूचं तेव्हाचं विमानतळ म्हणजे समुद्राला लागून असलेला चिखलाचा सपाट पट्टा. ऑफिस म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली शेड. रेडिओ नाही, दिशादर्शक यंत्रणा नाही. पावसाळ्यात भरतीचं पाणी आलं की धावपट्टीच गायब. मग सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला येरवडा जेलजवळच्या एका छोट्या मैदानावर हलवायचं. चार महिने भारताची हवाई सेवा तिथून चालायची.

पहिल्या वर्षभरात कंपनीची विमानं 1,60,000 मैल उडाली. जवळपास पावणेअकरा टन टपाल आणि 155 प्रवासी नेले. नफा झाला 60,000 रुपये. प्रवाशांचा आकडा नीट बघितला तर लक्षात येतं, की आठवड्याला सरासरी तीन प्रवासी. मान टपालाला होता. माणसाला जागा उरली तर जागा मिळायची. खाण्यापिण्याचा आणि आरामाचा विषयच नव्हता.

म्हणजे प्रवाशाला कशाला म्हणतात आराम, हे शिकण्याची सुरुवात या कंपनीने अक्षरशः शून्यातून केली.

मलबार प्रिन्सेस आणि 35 प्रवासी

1938 मध्ये वयाच्या 34 व्या वर्षी जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी विमान कंपनीला टाटा एअरलाइन्स हे नाव मिळालं. 1946 मध्ये ती पब्लिक कंपनी झाली आणि नाव पडलं एअर इंडिया.

स्वातंत्र्याच्या धामधुमीत जेआरडींनी सरकारपुढे एक प्रस्ताव ठेवला. परदेशात जाणारी भारताची स्वतःची विमान कंपनी काढायची. त्यात 49 टक्के वाटा सरकारचा, 25 टक्के टाटांचा आणि उरलेला लोकांचा. सरकारने फार वेळ न लावता होकार दिला. 8 मार्च 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली. अवघ्या तीन महिन्यांनी, 8 जून 1948 ला, मलबार प्रिन्सेस नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान 35 प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं. मार्ग होता कैरो, जिनिव्हा आणि लंडन. जेआरडी स्वतः विमानात होते. परक्या विमानतळांवर आपल्या विमानाच्या अंगावर तिरंगा बघून त्यांना भरून आलं होतं.

भावना आपल्या जागी. पण धंद्याचा प्रश्न त्याहून अवघड होता. लंडनला जायला लोकांकडे ब्रिटिश कंपनी होती, डच होती, अमेरिकन होती. त्यांच्याकडे पैसा जास्त, विमानं जास्त, नाव मोठं. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, गरीब देशाच्या कंपनीचं तिकीट कुणी का काढावं?

भाडं तेच, विमान तेच, मग फरक कशात?

इथे त्या काळच्या विमानधंद्याचा एक नियम समजून घ्यावा लागतो. आज आपण चार वेबसाइटवर भाडं बघून स्वस्त तिकीट काढतो. तेव्हा ती सोय नव्हती. आंतरराष्ट्रीय मार्गांवरची भाडी आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना ठरवायची. मुंबई-लंडनचं तिकीट कुठल्याही कंपनीचं घेतलं, तरी किंमत तीच.

विमानंही मोजक्या कारखान्यांतून यायची. जे कॉन्स्टेलेशन एअर इंडियाकडे, तेच दुसऱ्या कंपन्यांकडेही.

म्हणजे भाडं कमी करून गिऱ्हाईक ओढता येत नव्हतं. वेगळं विमान आणून भाव खाता येत नव्हता. हातात उरल्या त्या दोन गोष्टी. एक, वेळ पाळणं. दुसरी, प्रवाशाला मिळणारी वागणूक. त्यात जेवण आलं, चहा आला, खुर्ची आली, उशी आली, काउंटरवरच्या माणसाचं बोलणं आलं.

मोठ्या कंपन्यांशी आकारात बरोबरी होणार नाही, पण ताटात होऊ शकते, हे जेआरडींनी ओळखलं. आणि एकदा ओळखल्यावर त्यांनी ते फक्त भाषणात ठेवलं नाही.

चहा की कॉफी?

जेआरडी एअर इंडियाने प्रवास करायचे तेव्हा डोळे मिटून बसायचे नाहीत. काय चुकलं, काय बरं होतं, ते टिपून ठेवायचे आणि उतरल्यावर त्याच्या नोट्स अधिकाऱ्यांना जायच्या.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीची अशीच एक नोट प्रसिद्ध आहे. जिनिव्हाहून निघालेल्या विमानात मिळालेला चहा इतका काळा होता, की तो चहा आहे की कॉफी ते रंगावरून सांगता येत नव्हतं, अशी त्यांची तक्रार होती. चहापत्तीच तशी आहे की चहा जास्त उकळला जातोय, असा प्रश्न विचारून त्यांनी जिनिव्हाच्या स्टेशन मॅनेजरने यात लक्ष घालावं असं सुचवलं होतं.

दुसरी तक्रार खुर्च्यांची. काही सीट मागे जास्त झुकतात, काही कमी. रात्रभराच्या प्रवासात ज्याच्या वाट्याला कमी झुकणारी सीट येते त्याचे हाल होतात. त्यामुळे अगदी शेवटची रांग सोडून सगळ्या सीट सारख्या आणि जास्त मागे झुकतील अशा करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

टाटा समूहाचा अध्यक्ष, ज्याच्या हाताखाली पोलाद, वीज, रसायनं असे सगळे धंदे, तो चहाच्या रंगावर वेळ घालवतो, हे वरवर बघता विचित्र वाटतं. पण त्या नोटेत एक गोष्ट बघण्यासारखी आहे. जेआरडींनी चहा वाईट आहे एवढंच लिहून सोडलं नाही. तो कुठून चढला, चूक कुठे झाली असू शकते आणि ती कुणी शोधायची, हे तिन्ही त्यात होतं. अशी तक्रार आली की खालच्या माणसाला नेमकं काय करायचं ते कळतं.

शिवाय विमानात चांगला चहा देणं वाटतं तितकं सोपं नाही. उडत्या विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका. म्हणजे प्रवासी कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच जागी बसून चहा पीत असतो. तिथे पाणी शंभर अंशांच्या आधीच, साधारण 92 ते 94 अंशांना उकळतं. चहा नीट उतरत नाही. मग पत्ती वाढवली किंवा जास्त वेळ ठेवली, की तो कडू आणि काळा होतो.

जेवणाचंही तेच. केबिनमधली हवा कोरडी असते, नाक सुकतं, वास कमी येतो. मीठ आणि गोडवा जिभेला कमी जाणवतो. जमिनीवर चविष्ट लागलेली भाजी वर अळणी लागते. त्यात ते जेवण जमिनीवर शिजलेलं, काही तासांनी ताटात आलेलं. म्हणून विमानातल्या जेवणाची खरी परीक्षा किचनमध्ये होत नाही, सीटवर होते. आणि सीटवर बसून ते खाल्ल्याशिवाय चूक कळत नाही. अध्यक्षाने स्वतः खाऊन बघण्याला म्हणूनच अर्थ होता.

फडकं मागून घेतलं

जेआरडींचं लक्ष फक्त कागदावर नव्हतं. एकदा कंपनीच्या एका काउंटरवर धूळ दिसली. त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. फडकं मागून घेतलं आणि स्वतः काउंटर पुसायला लागले. तिथे उभ्या असलेल्यांना काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको. एकदा विमानातलं टॉयलेट घाण दिसलं, तेव्हा बाह्या वर करून ते कर्मचाऱ्यांबरोबर सफाईला लागले.

रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर एल. के. झा यांचाही एक किस्सा सांगितला जातो. विमानात जेआरडी त्यांच्या शेजारी होते. मध्येच ते उठून गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. झांना वाटलं, पायलट माणूस, कॉकपिटमध्ये जाऊन आला असेल. विचारल्यावर कळलं, की जेआरडी टॉयलेटमधले कागदाचे रोल नीट लावलेत का ते बघत होते.

असा माणूस स्वतः मोठा ऐषारामी असेल असं वाटू शकतं. पण जेआरडी मुंबईत अल्टामाउंट रोडवर भाड्याच्या घरात राहिले. आराम हा त्यांच्यासाठी दिखाव्याचा विषय नव्हता. पैसे देऊन तिकीट काढणाऱ्याला त्याचं माप पुरेपूर मिळालं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ होता.

कंपनी गेली, काम राहिलं

1953 मध्ये सरकारने विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींचा याला ठाम विरोध होता. सरकारी कारभारात सेवेची शिस्त टिकणार नाही, अशी त्यांची भीती होती. पण निर्णय झाला आणि हाताने उभी केलेली कंपनी सरकारची झाली.

मग सरकारनेच त्यांना एअर इंडियाचं अध्यक्षपद देऊ केलं. रागाने नाही म्हणता आलं असतं. त्यांनी हो म्हटलं, आणि पुढची 25 वर्षं बिनपगारी हे काम केलं. कंपनी आता त्यांची नव्हती, नफा त्यांच्या खिशात येणार नव्हता. तरी तपासणी आणि नोट्स सुरूच राहिल्या.

1958 मध्ये जेआरडी आयाटाचे अध्यक्ष झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी या धंद्यात चक्क सँडविचवरून भांडण पेटलं होतं. अटलांटिकवरून जाणाऱ्या मार्गांवर स्वस्त इकॉनॉमी वर्ग सुरू झाला होता. भाडं कमी, म्हणून जेवणही साधं, फक्त सँडविच द्यायचं, असं कंपन्यांनी आपसात ठरवलं. पण स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीने पावावर मांस, मासे, भाज्या असं सगळं रचून पोटभर ताट द्यायला सुरुवात केली. नाव मात्र सँडविचच. अमेरिकन पॅन अ‍ॅम कंपनीने तक्रार केली. सँडविच म्हणजे नेमकं काय, यावर बैठका झाल्या आणि शेवटी एसएएसला 20,000 डॉलरचा दंड बसला.

आज हे हसण्यासारखं वाटतं. पण भाडी सारखी असताना ताटच हत्यार होतं, हे जगातल्या सगळ्या कंपन्यांना कळलं होतं याचा हा पुरावा. जेआरडी ते दहा वर्षं आधीपासून करत होते.

महाराजाचा पाहुणचार

एअर इंडियाचा महाराजा जन्मला 1946 मध्ये. कंपनीचे बॉबी कूका यांची कल्पना आणि जाहिरात कंपनीतले चित्रकार उमेश राव यांचा हात. मोठ्या मिशांचा, कमरेत झुकून स्वागत करणारा हा महाराजा सुरुवातीला फक्त विमानात द्यायच्या छोट्या वहीवर होता. हळूहळू तो कंपनीचा चेहराच झाला. येणारा प्रवासी हा पाहुणा आहे, हे सांगायला त्याला एक शब्दही लागला नाही.

हा पाहुणचार विमानात चढण्याआधीच सुरू व्हावा, अशी कंपनीची धडपड असायची. परदेशातली बुकिंग ऑफिसं आणि प्रवाशांना थांबायच्या जागा भारतीय चित्रांनी सजवल्या जाऊ लागल्या. 1956 मध्ये बी. प्रभा यांची सहा चित्रं घेऊन या संग्रहाची सुरुवात झाली. नागपूरजवळच्या बेला गावात जन्मलेल्या प्रभा तेव्हा विशी ओलांडलेल्या, नाव अजून व्हायचं होतं. पुढे एम. एफ. हुसेन यांच्यासारख्या कितीतरी चित्रकारांची चित्रं या संग्रहात आली. 1967 मध्ये तर जगप्रसिद्ध चित्रकार साल्वादोर दाली यांनी पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट देण्यासाठी खास अ‍ॅशट्रे बनवून दिला. मोबदला म्हणून त्यांनी मागितलं हत्तीचं पिल्लू. एअर इंडियाने ते स्पेनला पाठवूनही दिलं.

1960 मध्ये बोइंग 707 आलं. 1962 मध्ये ताफ्यातली सगळी विमानं जेट असणारी जगातली पहिली कंपनी म्हणून एअर इंडियाचं नाव झालं. 1971 मध्ये पहिलं जंबो जेट, बोइंग 747, मुंबईत उतरलं. त्याच्या खिडक्यांभोवती राजवाड्यासारखे झरोके रंगवले होते. वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी लाउंज होतं. जुहूच्या झावळ्यांच्या शेडपासून आकाशातल्या दिवाणखान्यापर्यंतचा हा प्रवास 39 वर्षांचा होता.

यात एक टोचणारी बाजूही आहे. त्या काळी परदेशी विमानप्रवास सामान्य भारतीयाच्या आवाक्यात नव्हता. हा सगळा थाट मूठभर श्रीमंतांसाठी होता, ही टीका खोटी नाही. पण जेआरडींच्या नोट्समधले विषय बघितले, तर दालीच्या अ‍ॅशट्रेपेक्षा चहा, सीट, काउंटर आणि टॉयलेट यांचीच काळजी जास्त दिसते. या गोष्टी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही लागतात.

1978 : एका घोषणेत सगळं संपलं

1 जानेवारी 1978 च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एम्परर अशोक हे जंबो जेट वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. 213 जणांचा जीव गेला. एअर इंडियाचं हे पहिलं 747, ज्याचं सात वर्षांपूर्वी कौतुकाने स्वागत झालं होतं.

या धक्क्यातून कंपनी सावरते न सावरते तोच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं. त्यांच्या जागी निवृत्त एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांना नेमलं. 25 वर्षं बिनपगारी काम करणाऱ्या माणसाला ही बातमी सरकारकडून आधी कळलीच नाही. ती कळली लाल यांच्याकडून.

कर्मचाऱ्यांमध्ये नाराजी पसरली. तेव्हा सत्तेबाहेर असलेल्या इंदिरा गांधींनी जेआरडींना पत्र लिहून खेद व्यक्त केला. त्या पत्रात त्यांनी नेमक्या एका गोष्टीची आठवण काढली. विमानाच्या सजावटीपासून हवाई सुंदरींच्या साड्यांपर्यंत बारीकसारीक गोष्टींत जेआरडी जातीने लक्ष घालायचे, याची. म्हणजे त्यांची ओळख दिल्लीपर्यंत कशी पोचली होती, ते यातून दिसतं.

1980 मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेत आल्यावर जेआरडींना संचालक मंडळावर परत घेतलं गेलं, पण अध्यक्ष म्हणून नाही. 15 ऑक्टोबर 1982 ला, पहिल्या उड्डाणाला 50 वर्षं झाली तेव्हा, 78 वर्षांच्या जेआरडींनी जुन्या बनावटीचं लेपर्ड मॉथ विमान पुन्हा कराचीहून मुंबईला आणलं. 1992 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. 29 नोव्हेंबर 1993 ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. ज्या शहरातून चढलेल्या काळ्या चहाबद्दल त्यांनी नोट लिहिली होती, तेच हे शहर.

प्रश्न चहाचा नव्हता

जेआरडींनंतर एअर इंडियाचं काय झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. तोटा, कर्ज, उशिरा निघणारी विमानं, मोडक्या सीट. याचं सगळं खापर एका माणसाच्या जाण्यावर फोडणं बरोबर नाही. सरकारी हस्तक्षेप, आखाती आणि आशियाई कंपन्यांची स्पर्धा, चुकलेले निर्णय, अशी बरीच कारणं आहेत.

पण एक धडा यात आहेच. अध्यक्ष स्वतः चहा पिऊन बघतो, हे माहीत असतं तेव्हा जिनिव्हाचा स्टेशन मॅनेजर चहाकडे बघतो. स्टेशन मॅनेजर बघतो म्हणून किचनमधला माणूस बघतो. वरून बघणारा डोळा गेला, की ही साखळी एकेक कडी करत सुटते. तो एक डोळा गेल्यावरही साखळी टिकेल अशी व्यवस्था एअर इंडियात उभी राहिली नाही, हे मान्य करावं लागतं. जेआरडींच्या कामाची ताकद तीच होती आणि मर्यादाही तीच.

27 जानेवारी 2022 ला, जवळपास 69 वर्षांनी, एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. कर्ज कसं फेडायचं, जुनी विमानं कशी बदलायची, हजारो कर्मचाऱ्यांचं काय करायचं, असे डोंगराएवढे प्रश्न समोर होते. त्यांची उत्तरं मिळायला वर्षं लागणार होती. पण पहिल्या दिवशी काहीतरी करून दाखवायचं होतं. त्या दिवशी मुंबईहून सुटणाऱ्या चार विमानांमध्ये एक बदल झाला.

प्रवाशांना दिलं जाणारं जेवण सुधारलं.